नळीला मानवेल ते काडतूस

रायफलच्या अचूकतेविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केल्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी या भागांतून बरीच पत्रे आली. अनेक वर्षे मी या भागातील मुलामुलींना नेमबाजी शिकवली आहे, त्यामुळे या पत्रांतील अडचणी मला परक्या वाटल्या नाहीत. बहुतेकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे : गोळी एका जागी न लागण्याचे कारण काडतुसात असते, रायफलमध्ये असते की आपल्यात, आणि ते शोधायचे कसे. निवडक प्रश्नांची उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न : माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले असून त्यांच्या नावावर .३१५ स्पोर्टिंग रायफलचा परवाना आहे. परवानगी घेऊन चांदमारीवर शंभर मीटरवरून पाच फैरी झाडल्या, तर कधी वीतभर जागेत आणि कधी त्याच्या निम्म्या जागेत गोळ्या लागतात. माझा मावसभाऊ अमेरिकेत टेक्सास राज्यात राहतो. तो वापरलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतो आणि त्यामुळे त्याचे ग्रुपिंग, म्हणजे गोळ्यांचा पसारा, निम्म्यावर आले, असे सांगतो. पुढच्या सुट्टीत येताना तो काडतुसे भरण्याचा प्रेस, म्हणजे हातयंत्र, आणायला तयार आहे. घरी काडतुसे भरल्याने खरोखर फरक पडतो का, आणि आपल्याकडे ते करता येईल का?
– एक वाचक, हिंडलगा

उत्तर : मावसभावाला आजच कळवा की प्रेस आणू नये. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार काडतुसे तयार करणे परवान्याशिवाय करता येत नाही, आणि वडिलांकडे असलेला रायफल बाळगण्याचा परवाना हा काडतुसे बनवण्याचा परवाना नाही. या कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश आहे, त्यामुळे ‘अजून एकही काडतूस भरलेले नाही, प्रेस नुसता कपाटात ठेवला आहे’ हा बचाव टिकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याविना शस्त्रे किंवा दारूगोळा बनवण्यासाठी किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप इतकी शिक्षा आहे. आयुष्यभर फौजेत इमानाने नोकरी केलेल्या माणसाच्या घरावर हे संकट केवळ हौसेपोटी येऊ देऊ नका. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला वेगळा परवाना लागत नाही, म्हणून आपल्या भावाला हा विषय साधा वाटतो.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला अधिक जिव्हाळ्याचा आहे. फरक पडतो का? पडतो, पण आपल्याला वाटते त्या कारणाने पडत नाही. काडतुसाचे चार घटक असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली, दारू पेटवणारी टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. कारखाना हे चारही घटक हजारो रायफलींना चालतील अशा मापांत जुळवतो. पुंगळी कोणत्याही चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, सहज बसावी म्हणून ती किंचित सैल ठेवतात, आणि गोळी कोणत्याही मॅगझिनमध्ये मावावी म्हणून ती ठरावीक खोलीवर बसवतात. स्वतः भरणारा माणूस एकाच रायफलसाठी काम करतो. त्याची पुंगळी त्याच चेंबरमध्ये एकदा फुगून त्या चेंबरच्या आकाराची झालेली असते. गोळी किती खोल बसवायची, म्हणजे नळीतल्या खाचांना पोहोचण्यापूर्वी तिने किती मोकळे अंतर कापायचे, हे तो आपल्या नळीप्रमाणे ठरवतो. दारूच्या प्रमाणाबद्दल तो प्रमाणित तक्त्यांच्या मर्यादेत राहून अशी जागा शोधतो, जिथे वजनात थोडा फरक पडला तरी गोळी लागण्याची उंची फारशी बदलत नाही. मी ‘शोधतो’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. ही जागा आधी गणिताने सांगता येत नाही, कारण बार उडाल्यावर नळी तारेसारखी कंप पावते आणि गोळी त्या कंपनाच्या कोणत्या क्षणी तोंडातून बाहेर पडते यावर बरेच काही अवलंबून असते. प्रत्येक नळीचा कंप वेगळा असतो, म्हणून ती जागा प्रत्येक नळीत नव्याने शोधावी लागते.

या शास्त्राला पुढे नेणारे बहुतेक लोक बाकावर रायफल टेकवून केवळ ग्रुपिंगसाठी स्पर्धा करणारे नेमबाज होते. लू पाल्मिसानो हे व्यवसायाने डॉक्टर होते. त्यांनी फेरिस पिंडेल यांच्यासोबत १९७५ च्या सुमारास एका रशियन पुंगळीच्या आधारे ६ पीपीसी हे काडतूस तयार केले, आणि त्या प्रकारच्या स्पर्धांत ते अनेक वर्षे सर्वांच्या पुढे राहिले. अशा लोकांच्या वह्या पाहिल्या तर एक नियम सर्वत्र दिसतो : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गोळी बदलली तर दारू तीच, दारू बदलली तर टोपी तीच. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि ग्रुप लहान झाला, तर श्रेय कुणाचे हे कधीच कळत नाही. आपला भाऊ ग्रुपिंग निम्म्यावर आल्याचे सांगतो, तेव्हा त्याला हे विचारा की किती फैरींच्या ग्रुपवरून तो हे म्हणतो. तीन फैरींवरून म्हणत असेल, तर पुढे खानापूरच्या शिक्षकांना दिलेले उत्तर त्यालाही वाचून दाखवा.

तुमच्या रायफलीबद्दल मात्र काडतुसाच्या आधी दुसऱ्या गोष्टी तपासायला हव्यात. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल ब्रिटिश फौजेच्या जुन्या ली-एनफिल्ड रायफलीच्या रचनेवर बेतलेली आहे आणि तिचा दस्ता लाकडी असतो. आपल्या भागात मिरगाचा पाऊस सुरू झाला की दाराच्या चौकटी फुगतात, तसेच हे लाकूडही फुगते, आणि नळीखालच्या लाकडाचा नळीवर पडणारा दाब बदलतो. एप्रिलमध्ये शून्यावर आणलेल्या, म्हणजे नेमाच्या जागीच गोळी लागेल अशा लावलेल्या रायफलीच्या गोळ्या ऑगस्टमध्ये दोन-तीन बोटे सरकलेल्या दिसल्या, तर त्यात काडतुसाचा काही दोष नसतो. दस्त्याचे स्क्रू घट्ट आहेत का, दुर्बीण असेल तर तिचा माउंट हलतो का, नळीच्या तोंडाच्या कडेला खवला पडला आहे का, नळीत तांब्याचा थर साचला आहे का, हे परवानाधारक शस्त्रदुरुस्ती कारागिराकडून पाहून घ्या. मी स्वतः एकदा एका .२२ रायफलसाठी तीन वेगवेगळ्या लॉटची काडतुसे आणवली, चार दिवस चांदमारीवर घालवले आणि शेवटी दस्त्याचा मागचा स्क्रू अर्धा आटा सैल असल्याचे लक्षात आले. त्या चार दिवसांतल्या सगळ्या नोंदी मला फेकून द्याव्या लागल्या. तेव्हापासून विद्यार्थ्यांना काडतूस हातात देण्यापूर्वी स्क्रू-ड्रायव्हर देतो.

रायफल ठीक आहे याची खात्री झाल्यावर परवान्यात बसतील तितकी काडतुसे एकाच लॉटची घ्या. कारखान्यात एका वेळी, त्याच दारूच्या आणि त्याच टोप्यांच्या साठ्यातून तयार झालेल्या काडतुसांना एकच लॉट क्रमांक असतो आणि तो खोक्यावर छापलेला असतो. निरनिराळ्या लॉटची काडतुसे एकाच पिशवीत मिसळणे ही मी आपल्या भागात सर्वाधिक पाहिलेली चूक आहे. वीतभर पसरलेल्या पाच गोळ्यांत दोन लॉटचे मिश्रण असेल, तर ग्रुपिंग काय सांगते हे ओळखणे अशक्य होते.

प्रश्न : मी १९ वर्षांची असून ५० मीटर प्रोन (पालथे झोपून) प्रकारात .२२ रायफल चालवते. सरावासाठी कोल्हापूरला जाते. एक जण म्हणतो की सर्वात महाग ब्रँडचेच काडतूस घ्यावे. माझी मैत्रीण मधल्या किमतीच्या काडतुसावर माझ्यापेक्षा चांगले गुण मिळवते. .२२ काडतूस पुन्हा भरता येत नाही, हे मला माहीत आहे. मग निवड कशी करायची?
– एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : निपाणीहून ज्या शहरात तुम्ही सरावाला जाता, त्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे याच ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून) प्रकारात कांस्यपदक जिंकले, आणि या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होते. या पातळीवर काडतुसाची निवड ब्रँडच्या नावावर होत नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे इली आणि जर्मनीतील शोनेबेक येथे लापुआ या कंपन्यांची चाचणी केंद्रे आहेत. तिथे नेमबाज आपली रायफल घेऊन जातात, ती शिकंज्यात बसवली जाते आणि एकाच ब्रँडचे अनेक लॉट एकामागून एक झाडून पाहिले जातात. ज्या लॉटचे ग्रुपिंग त्या नळीतून सर्वात लहान येते, त्याच लॉटची पेटी विकत घेतली जाते. तोच लॉट शेजारच्या नेमबाजाच्या नळीत मधलाच ठरू शकतो. तुमच्या मैत्रिणीच्या नळीला ते मधल्या किमतीचे काडतूस मानवत असेल, इतका साधा त्याचा अर्थ आहे.

असे का होते, ते आकड्यांत पाहू. .२२ मॅच काडतुसाची गोळी साधारण सेकंदाला ३२५ मीटर वेगाने निघते. हा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा कमी ठेवतात, कारण त्या सीमेजवळ गोळीवर हवेचा अवरोध एकदम वाढतो आणि वाऱ्याचा परिणामही जास्त होतो. ५० मीटर जायला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणाने सुमारे १२५ मिलिमीटर खाली येते. वेग एक टक्क्याने कमी झाला, तर हे पडणे सुमारे दोन टक्क्यांनी, म्हणजे अडीच मिलिमीटरने वाढते. एका खोक्यातील काडतुसांच्या वेगात दहा मीटरचा फरक असेल, तर गोळ्या उभ्या रेषेत साडेसात मिलिमीटरहून अधिक पसरतील. ५० मीटरच्या लक्ष्यातील दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे. कडेला नुसता स्पर्श झाला तरी दहा गुण मिळतात, म्हणून प्रत्यक्षात गोळीच्या मध्याला केंद्रापासून आठ मिलिमीटरपर्यंत मोकळीक मिळते. पण दशांश गुणांच्या फेरीत ही मोकळीक कामाची नसते, कारण तिथे १०.९ आणि १०.१ यांतील अंतरही पुढे-मागे करते.

याच ठिकाणी नळीचा कंप मदतीला येतो. संथ गोळी थोडी उशिरा बाहेर पडते, आणि त्या क्षणी नळीचे तोंड वर जात असेल, तर ती गोळी किंचित उंच कोनात निघते आणि अधिक पडण्याची भरपाई आपोआप होते. वेगवान गोळी लवकर निघते, तेव्हा तोंड अजून खाली असते. ज्या लॉटचा सरासरी वेग तुमच्या नळीच्या कंपाशी या तऱ्हेने जुळतो, तो तुमच्यासाठी चांगला लॉट. महाग काडतुसांच्या वेगात फरक कमी असतो, म्हणून चांगला लॉट सापडण्याची शक्यता त्यांत वाढते, पण प्रत्येक महाग लॉट तुमच्या नळीशी जुळेलच असे नसते.

घरच्या साधनांत चाचणी कशी करावी, याबद्दल माझा आग्रह असा आहे. दुसऱ्या ब्रँडचे काडतूस लावले, की आधीच्या ब्रँडच्या गोळ्यांवरचे मेण नळीतून निघून नव्याचा थर बसेपर्यंत दहा ते वीस फैरी वाया घालवाव्यात आणि त्या मोजू नयेत. बहुतेकांचे निकाल याच पायरीवर बिघडतात. त्यानंतर प्रत्येक लॉटचे दहा फैरींचे किमान चार ग्रुप घ्यावेत. एकाच ब्रँडचे लॉट तपासत असाल, तर सकाळी एक आणि दुपारी दुसरा असे न करता ते आलटून पालटून झाडावेत, म्हणजे थकवा आणि हवामान दोघांच्या वाट्याला सारखे येतील. पट्टा लावून प्रोनमध्ये झाडलेले ग्रुप आणि रायफल बाकावर वाळूच्या पिशवीवर ठेवून झाडलेले ग्रुप एकमेकांशी ताडून पाहू नयेत, कारण आधाराची पद्धत बदलली की नळीचा कंपही बदलतो.

आणि वाऱ्याकडे लक्ष द्या. चेहऱ्याला जेमतेम जाणवणारा, सेकंदाला एक मीटर वेगाचा आडवा वारा ही गोळी ५० मीटरवर सुमारे सहा मिलिमीटर सरकवतो. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे पश्चिमेचा वारा दुपारी थांबतच नाही. म्हणून उघड्या चांदमारीवर लॉट तपासायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीतील सकाळचे पहिले दोन तास निवडावेत. लक्ष्यावर गोळ्या आडव्या पसरल्या असतील, तर आधी वाऱ्याचा संशय घ्या. उभ्या पसरल्या असतील, तर काडतुसाचा किंवा स्वतःच्या श्वासाचा.

प्रश्न : आमच्या शाळेतील एनसीसीच्या मुलांना मी .२२ रायफलवर शिकवतो. गेल्या आठवड्यात एका मुलाने पाच फैरींत ३० मिलिमीटरचा ग्रुप मारला. दुसऱ्या दिवशी त्याच खोक्यातील काडतुसांवर, त्याच रायफलवर ५० मिलिमीटर आला. मुलगा खूप खचला. दोन दिवसांत काय बदलले असावे?
– एक शिक्षक, खानापूर

उत्तर : सर, बहुधा काहीच बदललेले नाही, आणि हे त्या मुलाला आपण आवर्जून सांगावे. ग्रुप मोजताना आपण सर्वात दूरच्या दोन गोळ्यांमधील अंतर मोजतो, म्हणजे पाचांपैकी तीन गोळ्यांनी दिलेली माहिती टाकून देतो. त्यामुळे हा आकडा नशिबाच्या हेलकाव्यांना फार बळी पडतो. नेमबाजाची कुवत, रायफल आणि काडतूस सगळे तंतोतंत सारखे राहिले, तरी पाच फैरींच्या ग्रुपमध्ये साधारण २७ टक्के इतका चढउतार स्वाभाविक असतो. ज्याची सरासरी ४० मिलिमीटर आहे, त्याचे सुमारे दोन तृतीयांश ग्रुप २९ ते ५१ या दरम्यान कुठेही येऊ शकतात. त्यामुळे ३० वर आनंद आणि ५० वर निराशा, दोन्ही एकाच नाण्याच्या बाजू आहेत. तीन फैरींच्या ग्रुपमध्ये हाच चढउतार ३७ टक्क्यांच्या आसपास जातो.

आणखी एक गोष्ट मुलांना समजावली तर त्यांचा बराच गोंधळ मिटेल. फैरी जितक्या वाढतात, तितका ग्रुप मोठा होत जातो, कारण जास्त फैरींत एखादी दूरची गोळी येण्याची संधी वाढते. तीच रायफल आणि तोच नेमबाज असताना दहा फैरींचा ग्रुप सरासरीने तीन फैरींच्या ग्रुपपेक्षा जवळपास दीडपटीहून थोडा अधिक मोठा येतो. त्यामुळे ‘माझी रायफल अर्ध्या इंचात मारते’ असे कुणी म्हटले, तर आधी किती फैरींत आणि किती ग्रुपांच्या सरासरीत, हे विचारावे. हिंडलग्याच्या वाचकांच्या भावालाही हाच प्रश्न विचारायचा आहे. दोन काडतुसांमध्ये दहा टक्क्यांचा फरक असेल, तर प्रत्येकी चार-पाच ग्रुप झाडूनही तो खात्रीने दिसत नाही. म्हणून लहान फरकांच्या मागे लागून दारूगोळा आणि मुलांचा उत्साह वाया घालवू नये. ज्या काडतुसांचे ग्रुप तीस-चाळीस टक्क्यांनी मोठे येतात, ती बाजूला काढली की निवड पुरे झाली.

माझी पद्धत सांगतो. चार-पाच दिवसांचे लक्ष्यकागद एकमेकांवर ठेवून, नेमाचा बिंदू जुळवून, सर्व छिद्रे एका पारदर्शक कागदावर उतरवा. वीस-पंचवीस छिद्रांचा तो ढग पाहिला की कुणाच्या गोळ्या नेमाच्या डावीकडे सरकल्या आहेत आणि कुणाच्या उभ्या पसरल्या आहेत, हे मुलांना स्वतःच दिसते. त्या ढगाच्या केंद्रापासून प्रत्येक छिद्राचे अंतर मोजून त्यांची सरासरी काढली, तर मिळणारा आकडा सर्वात दूरच्या दोन छिद्रांच्या अंतरापेक्षा खूपच भरवशाचा असतो, आणि गणिताचा एक तासही त्यात होऊन जातो.

प्रश्न : माझा मुलगा १० मीटर एअर रायफल शिकतो. त्यासाठी परवाना लागतो का? छर्ऱ्यांच्या डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, त्यांतून कोणता घ्यावा?
– एक पालक, अथणी

उत्तर : ४.५ मिलिमीटर बोअरची आणि तोंडाशी २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेली एअर रायफल परवान्यातून मुक्त आहे. १० मीटर स्पर्धेच्या रायफली या मर्यादेपेक्षा बऱ्याच खाली असतात. डब्यावरील आकडा छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास सांगतो. कोणता घ्यावा, हे नळीच सांगेल. तिन्ही मापांचे थोडे थोडे छर्रे घ्या, रायफल शक्य तितक्या घट्ट आधारावर ठेवून प्रत्येक मापाचे दहा छर्ऱ्यांचे तीन-चार ग्रुप घ्या, आणि ज्या मापाचे सर्व ग्रुप लहान येतील तेच माप ठेवा. दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणून डबा खाली पडू देऊ नका. शिशाचा छर्रा इतका मऊ असतो की त्याचा घेर एकदा चेपला, की तो सरळ जात नाही. छर्रे हाताळल्यावर मुलाने साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नये, एवढे घरात पाळावे.

प्रश्न : शेतीसंरक्षणासाठी आमच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे. दारूचे माप थोडे वाढवले तर नेम सुधारेल का?
– एक शेतकरी, जांबोटी

उत्तर : सुधारणार नाही, आणि बंदूक फुटून हात किंवा डोळा जाण्याचा धोका मात्र वाढेल. ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, तिच्यात रायफलीसारख्या पिळाच्या खाचा नसतात. गोळी स्वतःभोवती फिरत नसल्याने ती स्थिर राहत नाही, आणि हा दोष दारू वाढवून जात नाही. या बंदुकीत काळी दारू लागते. काडतुसातली धूरविरहित दारू तिच्यात कधीही भरू नये, तिचा दाब जुन्या नळीला सोसत नाही. आपला भाग भीमगड अभयारण्याच्या शेजारचा आहे, म्हणून एवढे आणखी सांगतो की बंदुकीचा परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची परवानगी नव्हे. ती वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार वेगळी घ्यावी लागते, आणि नसेल तर वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करणे हाच योग्य मार्ग आहे.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात ठेवलेल्या काडतुसांपैकी दोन यंदा उडाली नाहीत, आणि एक चाप ओढल्यावर क्षणभर थांबून उडाले. काडतुसे कशी ठेवावीत?
– एक परवानाधारक, चिकोडी

उत्तर : क्षणभर थांबून उडालेल्या काडतुसाचा प्रसंग फार गंभीर आहे, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो. चाप ओढल्यावर आवाज झाला नाही, तर रायफल लक्ष्याच्या दिशेनेच धरून किमान तीस सेकंद थांबावे आणि मगच बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, उघडावा. उशिराने उडणारे काडतूस बोल्ट उघडताना उडाले, तर पुंगळी फुटून तिचे तुकडे थेट चेहऱ्यावर येतात. न उडालेले काडतूस पुन्हा झाडून पाहू नये आणि उघडूनही पाहू नये. ज्या विक्रेत्याकडून घेतले, त्याच्या सल्ल्याने त्याची विल्हेवाट लावावी.

काडतूस खराब होण्याची कारणे आपल्याकडे बहुधा दोन असतात : तेल आणि उष्णता. बंदूक साफ करून झाल्यावर तेलाचा हात तसाच काडतुसांना लावला, की तेल टोपीच्या कडेने आत शिरते आणि तिच्यातील रसायन निकामी करते. तेलकट काडतूस चेंबरमध्ये भरले, तर पुंगळी चेंबरच्या भिंतीला घट्ट पकडू शकत नाही आणि बोल्टवर नको तितका भार येतो. दमट हवेपेक्षा मला या तेलाचीच जास्त भीती वाटते, कारण आजचे काडतूस दमटपणा बऱ्यापैकी सोसते. उष्णतेची गोष्ट वेगळी आहे. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तासभर पडलेले काडतूस सावलीतल्या काडतुसापेक्षा जास्त दाब निर्माण करते, कारण दारू तापली की ती अधिक झपाट्याने जळते. त्यामुळे वेग बदलतो, आणि लॉट एकच असूनही गोळ्या वेगळ्या जागी लागतात. चांदमारीवरही काडतुसांचा डबा सावलीत, झाकून ठेवावा आणि एक फैर झाल्यावर पुढचे काडतूस तापलेल्या चेंबरमध्ये भरून ताटकळत बसू नये.

घरात काडतुसे मूळ खोक्यातच, कुलपाच्या कपाटात, बंदुकीपासून वेगळी, जमिनीपासून उंच आणि चुलीपासून दूर ठेवावीत. खोके फेकून देऊन काडतुसे डब्यात ओतली, तर लॉट क्रमांक हरवतो, आणि मग पुढच्या वर्षी यांतली कोणती काडतुसे आपल्या नळीला मानवली होती, हे वहीतली नोंद उघडूनही सांगता येत नाही.